पर्जन्यमापकाचं टोपरं

सिंधुबाईंचा चातुर्मासाचा नेम तडीला गेलेला कॉलनीत कुणी पाहिला नव्हता. त्यांच्या भक्तीत काही कमी होतं असं मात्र कुणी म्हणू नये. पहाटे पाचला उठून, भांड्याला भांडं न लावता त्यांची पूजा होई; देवसुद्धा दचकून जागा झाला नसेल. पण नेम म्हटला की कुठून तरी काहीतरी आडवं येई. एका वर्षी त्यांनी वांगं सोडलं, आणि श्रावणात एका डोहाळजेवणात दुधीचं समजून वांग्याचं भरीत दोनदा मागून खाल्लं. पुढच्या वर्षी मौनानं जेवायचं ठरवलं, तर सत्तावन्नाव्या दिवशी घास तोंडात असताना दारातली म्हैस वाळत घातलेलं पातळ चघळू लागली आणि आयुष्यात कधी आवाज न चढवणाऱ्या सिंधुबाई "हाऽऽड!" म्हणून ओरडल्या. तिसऱ्या वर्षी लक्ष वातींचा संकल्प केला. ऐंशी हजारांच्या पुढं वाती वळून झाल्या होत्या. त्यातल्या दोन मुठी नागेशरावांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, स्कूटरचा प्लग पुसायला घेतल्या. किती घेतल्या ते त्यांना सांगता येईना, आणि मोजदाद चुकलेला लक्ष हा लक्ष राहत नाही.

या सगळ्याचा हिशेब ठेवायला एक नणंद होती. बनाबाई, निमगाव केतकीला दिलेली. सासूबाईंनी जाताना आपली पितळी समई लेकीच्या हवाली केली होती आणि सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "सूनबाईचा एक चौमासा तरी धड पार पडू दे, मग तिला दे. तवर तुज्याकडं ऱ्हाऊ दे." स्वतः सासूबाईंचे एक्केचाळीस चातुर्मास अखंड झाले होते आणि त्या प्रत्येकाच्या उद्यापनाला हीच समई लागली होती. तेव्हापासून बनाबाई दर कार्तिकात मोकळ्या हातानं येत, चहा घेत आणि विचारत, "मग? औंदा कुठं मोडला?"

"वैनी, तुमचा नेम म्हंजी एसटीचं टायमटेबल हाय बघा," असंही त्या एकदा म्हणाल्या होत्या. "लावलेला आसतु. पाळलेला कवा दिसत न्हाय."

सिंधुबाई यावर हसल्या होत्या. त्या रात्री मात्र त्यांनी समई नसलेल्या देव्हाऱ्याकडं पाहून डोळे पुसले. आपल्या हातून एवढंही होऊ नये?

कॉलनी म्हणजे बारामतीहून इंदापूरकडं जाताना, सणसरच्या अलीकडं, कालव्याच्या कडेला असलेल्या एका सरकारी ऑफिसची आठ क्वार्टर्स. नागेशराव तिथं हेडक्लार्क होते. साल सत्त्याण्णव. आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी कॉलनीतल्या मारुतीपुढं तात्याबांचं प्रवचन झालं. तात्याबा एरवी पणदऱ्याच्या डेअरीत दूध मोजून घेत. पण बोलायला लागले की माणूस हलत नसे. ते म्हणाले, "चराचरात देव हाय म्हणता ना? मग देवळातल्या देवाला जरीचं नेसवता, आन तुमच्या घरात दिवसरात राबनारा देव उघडाच? त्यो खलबत्ता बघा. त्यो पाटा बघा. कोन त्येंना वस्त्र घालतंय?"

बाकीच्या बायका "खरंय बाई" म्हणून घरी गेल्या आणि त्याच पाट्यावर त्यांनी चटणी वाटली. सिंधुबाई घरी आल्या आणि त्यांनी क्रोशाची सुई काढली.

संकल्प असा झाला: चातुर्मासात रोज सकाळी, पूजेनंतर, राबत्या वस्तूंपैकी एकीला क्रोशाचं वस्त्र घालायचं. घातल्याशिवाय पाण्याखेरीज काही तोंडात घ्यायचं नाही. एकदा जिला वस्त्र मिळालं तिला पुन्हा नाही. एकशे अठरा दिवस, एकशे अठरा वस्तू. एकादशीला आलेल्या बनाबाईंनी हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि त्यात एक कलम जोडलं.

"आन घातलेलं काढायचं न्हाय. देवाला काय सकाळी नेसवून दुपारी उघडं करता व्हय? काढायचं ते उद्यापनाला, कार्तिकातल्या एकादशीला. मदी एक जरी सुटलं तरी मोडला."

सिंधुबाई म्हणाल्या, "बरं." त्यांच्या तोंडून दुसरं काही फारसं येत नसे.

पहिला आठवडा कॉलनीनं कौतुकात घालवला. खलबत्त्याला निळं परकर-झालर, पाट्याला जाळीचा रुमाल, तांब्याला गळाबंद. चौथ्या दिवशी सिंधुबाईंनी कुकरच्या शिट्टीला टोपी घातली. त्या दिवसापासून कुकर संन्यासाला गेला आणि तूरडाळ पातेल्यात दोन-दोन तास शिजू लागली. सातव्या दिवशी रेडिओ. बटणं क्रोशाच्या खांबांच्या नक्षीखाली गेल्यामुळं तो ज्या स्टेशनवर होता तिथंच राहिला. नागेशरावांना गाणी आवडत. त्याऐवजी त्यांनी चार महिने शेतकऱ्यांसाठीचे सल्ले ऐकले आणि त्यांना उसावरच्या हुमणी किडीची इतकी माहिती झाली की बागायतदार त्यांना वाटेत थांबवून विचारू लागले. नागेशरावांच्या मालकीचा ऊस म्हणाल तर फक्त रसवंतीतला.

अकराव्या दिवशी स्कूटरच्या हॉर्नला वस्त्र मिळालं. हॉर्न दाबला की आतून कुणीतरी घसा खाकरल्यासारखा आवाज येई. हेडक्लार्कच्या पदावरचा माणूस भर बाजारात तोंडानं "ओ, सरका, सरका" करत जाऊ लागला.

"अगं, निदान माझ्या वस्तू सोड," ते म्हणाले.

"राबतात हो बिचाऱ्या," सिंधुबाई म्हणाल्या. "तुमच्याच तर सगळ्यात जास्त राबतात."

नागेशरावांनी दाढीचं सामान, चष्म्याचं घर आणि तपकिरीची डबी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नेऊन ठेवली आणि ड्रॉवरला कुलूप लावलं. पंचविसावं वस्त्र त्याच कुलपाला.

श्रावण उलटताना दोन अडचणी उभ्या राहिल्या. एक दोऱ्याची. बाजारातली रिळं संपली, तेव्हा सिंधुबाई साखरेच्या पोत्यांच्या तोंडाची पांढरी दोरी जमवू लागल्या. ही दोरी बरोबर टोक सापडलं तर एका ओढीत सर्रकन सुटते, आणि चुकीचं टोक ओढलं तर पोतं फाटतं पण ती सुटत नाही. सिंधुबाईंना बरोबर टोक सापडे. त्यात दुधाच्या रिकाम्या पिशव्यांच्या लांब पट्ट्या कापून त्या ओवू लागल्या. पट्टीची वीण जाड होई, घट्ट होई आणि उन्हात चमके.

दुसरी अडचण मोठी होती. वस्तू सुचेनात. तुम्ही म्हणाल, घरात वस्तूंना काय तोटा? पण रोज पहाटे उठून, भुकेल्या पोटी, आज कुणामध्ये देव दिसतो ते शोधायचं म्हणजे काय, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. सिंधुबाई एकेका वस्तूसमोर उभ्या राहत. केरसुणीसमोर उभ्या राहिल्या, मग उंबऱ्यासमोर, मग चुलीमागं पडलेल्या फुंकणीसमोर. गॅस आल्यापासून त्या फुंकणीला कुणी हात लावला नव्हता. सिंधुबाईंना वाटलं, ही आता राबत नाही, पण राबून झालेली तर आहे. निवृत्त माणसाला शाल देतातच की. फुंकणीला शाल मिळाली.

इथं शेजारच्या मुक्ताबाई, ओव्हरसीयरच्या मंडळी, मदतीला धावल्या. मुक्ताबाईंना प्रत्येक कामात एक मत असे आणि ते काम दुसऱ्याचं असेल तर दोन.

"सिंधुताई, नुसतं झाकू नका हो. मांडा. गौरीपुढं मांडतो तसं."

मग दारासमोरच्या ओट्यावर आरास सुरू झाली. बिघडलेला स्टोव्ह जांभळा झगा घालून सायकलच्या रिमवर उभा राहिला, झग्याला गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांची चंदेरी झालर, भोवती टूथपेस्टच्या टोपणांचं रिंगण. रॉकेलच्या नरसाळ्याला फुटक्या बांगड्यांचं तोरण. जुन्या तराजूच्या एका पारड्यात क्रोशाचा कांदा, दुसऱ्यात खरा. सिंधुबाईंना यात काही विशेष केलं असं वाटत नव्हतं. त्यांना फक्त उद्याचं काय याची काळजी होती. पण सणसरहून बायका बघायला येऊ लागल्या. रंगूबाई नावाच्या एका म्हातारीनं वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "ह्यो कुठला देव, माय?"

"स्टोव्ह," सिंधुबाई खरं तेच म्हणाल्या.

"आसंल," म्हातारी म्हणाली आणि नारळ ठेवून गेली.

घरातलं संपलं तसा नेम दाराबाहेर पडला. हापशाच्या दांड्याला वस्त्र मिळालं आणि बायकांच्या हातांचे घट्टे कमी झाले. हे एकच सत्कार्य असं होतं की ज्याबद्दल नागेशरावांना कुणी टोमणा मारला नाही. मग विजेच्या मीटरला. मीटरचे आकडे घ्यायला आलेला माणूस बराच वेळ त्या फुलाफुलांच्या पडद्याकडं बघत राहिला.

"ताई, हे वर करा जरा."

"कार्तिकात करते हो," सिंधुबाई मऊ आवाजात म्हणाल्या आणि त्याला खडीसाखर दिली.

त्यानं खडीसाखर खाल्ली, कार्डावर 'सरासरी' असं लिहिलं आणि गेला. सिंधुबाईंना नवल वाटलं. न बघता लिहिता येतं? तिथंच त्या थांबल्या असत्या तर पुढचं काही झालं नसतं. पण त्यांनी तो विचार मनात ठेवला आणि उद्याची वस्तू शोधायला लागल्या.

एकोणसाठाव्या दिवशी, गौरी-गणपती होऊन गेल्यावर, ती वस्तू त्यांना दिसली. ऑफिसच्या मागं तारेचं लहानसं कुंपण होतं. आत चौथऱ्यावर एक गोल, बुटकी, पांढुरकी वस्तू, वरून उघडी, ओठाला पितळी कड. दुरून पिंडीसारखी. चार वर्षं सिंधुबाई मागच्या दाराला कपडे वाळत घालत होत्या; तिच्यापाशी माणूस गेलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. आणि तरी ती उन्हापावसात डोकं उघडं ठेवून उभी. हिच्याइतकं कोण राबतंय? त्यांनी दुधाच्या पिशव्यांच्या पट्ट्यांचं जाड, घट्ट विणीचं टोपरं केलं, त्याला लाल गोंडा लावला आणि खाली नाडीनं बांधलं.

ती वस्तू म्हणजे सरकारचा पर्जन्यमापक होता. रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी नळीत ओतून, मोजून, रजिस्टरात लिहायचं आणि पुण्याला कळवायचं, ही हेडक्लार्कची जबाबदारी होती.

टोपरं मध्ये थोडं खोलगट बसलं होतं. पाऊस पडला की त्यात पाणी साचे. देवाच्या डोक्यावर शिळं पाणी ठेवू नये म्हणून सिंधुबाई रोज सकाळी पूजेच्या पळीनं ते उपसून तांब्यात घेत आणि तुळशीला घालत. वस्त्र हलवावं लागत नसे. नेमाची एक वही होती. तिच्यात किती पळ्या निघाल्या ते त्या लिहून ठेवत. मोजण्याची सवय लक्ष वातींपासून लागली होती.

पितृपंधरवडा लागला आणि पुण्याहून पत्र आलं. तुमच्या केंद्रावरील पावसाच्या नोंदी अत्यंत नियमित आहेत. शेजारच्या कुठल्याच केंद्राशी त्या जुळत नाहीत. सबब पर्यवेक्षक श्री. शंभूराज देवकाते एक ऑक्टोबरला प्रत्यक्ष तपासणीस येत आहेत. यातला 'नियमित' हा शब्द नागेशरावांनी आधी कौतुक म्हणून वाचला. दुसऱ्यांदा वाचल्यावर त्यांना घाम फुटला.

तीस तारखेला संध्याकाळी ते, बहुधा नोकरी लागल्यापासून दुसऱ्यांदा, कुंपणात गेले. परत आले ते धाप लागून.

"ते... मागं... लाल गोंडा!"

"हो," सिंधुबाई म्हणाल्या. "पोवळ्याच्या रंगाचा हवा होता, मिळाला नाही."

"कधीपासून आहे ते?"

"अठरा दिवस झाले. उद्या एकोणीस."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

सिंधुबाई खरोखरच गोंधळल्या. "अहो, तुम्ही रोज साडेआठला मोजायला जाता ना? मला वाटलं, तुम्ही बघितलंच असेल. काही बोलला नाहीत, म्हणजे चालतंय."

नागेशरावांनी शिपाई बिरदेवला हाक मारली. बिरदेव पन्नाशीचा, ऑफिस उघडणं आणि पाऊस सांगणं ही त्याची दोन कामं. नागेशराव रोज खुर्चीत बसून विचारत, "बिरदेवा, किती?" आणि तो आकडा सांगे.

"बिरदेवा, तू रोज आकडे कुठून सांगत होतास?"

"आमच्या मंडळीला इचारून, साहेब."

"आणि तिला कसं कळायचं?"

"तिचं गुडघं दुखत्यात ना. डावा दुखला की चार, दोन्ही दुखलं की अकरा." मग त्यानं जरा मान वर करून सांगितलं, "पाइंटाचं मातुर मी माज्या मनानं घालत हुतो."

"आणि टोपरं दिसलं नाही तुला?"

"दिसलं की. वैनीसायबांचा हात चांगला हाय. पर तुमी आकडा इचारला, टोपऱ्याचं कुठं इचारलं?"

नागेशराव बायकोकडं वळले. आवाज एकदम खाली आला होता. "सिंधू, काढ ते. आत्ता. नोकरीचा प्रश्न आहे."

सिंधुबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सत्त्याहत्तर दिवस झाले होते. इतक्या लांब त्यांचा नेम आधी एकदाच आला होता. समई त्यांना दिसत होती, पाच वाती लावलेली. आणि समोर यजमान, ज्यांना पंधरा वर्षांत इतकं घाबरलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

"तुम्ही काढा म्हणालात तर तुम्ही काढा," त्या म्हणाल्या. "माझ्या हातून नाही व्हायचं."

नागेशराव कंदील घेऊन निघाले. कुंपणापाशी बराच वेळ उभे राहिले. सासूबाई म्हणजे त्यांची आईच. एक्केचाळीस चातुर्मासांचं ओझं त्यांच्याही डोक्यावर होतं. ते तसेच परत आले आणि आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावस्या. बनाबाई आईवडिलांच्या नावाचं जेवायला सकाळच्या गाडीनं आल्या. त्यांच्याच गाडीत देवकाते साहेब होते. जाड भिंगांचा चष्मा, बाहीला शाईचा डाग, हातात कोपरे झिजलेली ब्रीफकेस. वागायला सज्जन, आणि म्हणूनच जास्त भीतीदायक. ते थेट कुंपणात गेले. टोपऱ्याभोवती एक फेरी मारली. नळी लावून पाहण्यासारखं काही नव्हतंच.

"हे काय आहे?"

"वस्त्र," सिंधुबाई म्हणाल्या.

"कोणत्या परिपत्रकानुसार?"

यावर तात्याबांचं प्रवचन सांगण्यात आलं. देवकाते साहेबांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे एकोणीस दिवस यात थेंबही गेलेला नाही."

"नाही हो, वरच्या वर उपसलाय. सगळा लिहिलाय." आणि कुणी थांबवायच्या आत सिंधुबाईंनी नेमाची वही पुढं केली. कौतुकानं. त्यांची ती पहिली वही होती की जिच्यात एकही दिवस सुटलेला नव्हता.

देवकाते साहेब ऑफिसच्या ओसरीत बसले. एका मांडीवर सरकारी रजिस्टर, दुसऱ्या मांडीवर नेमाची वही. त्यांनी मोजनळी मागवली, पळीनं पाणी ओतून पाहिलं. तीन पळ्या बरोबर एक मिलिमीटर. मग वाचायला लागले.

"चौदा सप्टेंबर. रजिस्टर, अकरा पूर्णांक दोन. वही, 'कोरडं. गोंड्यावर दव.'" पान उलटलं. "बावीस सप्टेंबर. रजिस्टर, तीन पूर्णांक चार. वही, 'एक्केचाळीस पळ्या. तुळस न्हाऊन निघाली.'"

बिरदेव हळूच म्हणाला, "बावीसला तिनं गुडघ्याला तेल लावलं हुतं, साहेब."

देवकाते साहेबांनी दोन पानी अहवाल लिहिला. घोटीव अक्षर, एकही खाडाखोड नाही, दुसरी प्रतही नाही. नागेशरावांच्या दृष्टीनं ते स्वतःचंच श्राद्ध होतं. अहवाल ब्रीफकेसमध्ये गेला, ब्रीफकेस खुर्चीवर गेली, आणि बनाबाई दारातून म्हणाल्या, "साहेब, सकाळधरनं उपाशी हाय तुमी. जेवून जावा. आजच्या दिवशी दारात आलेल्याला तसं धाडत न्हाईत." आजच्या दिवशी का, हे त्यांनी सविस्तर सांगितलं नाही.

इकडं स्वयंपाकघरात सिंधुबाईंचा जीव वर-खाली होत होता. एक वाजत आला होता आणि सकाळच्या धांदलीत अठ्ठ्याहत्तरावं वस्त्र अजून कुणाला घातलं नव्हतं. ते तयार होतं. ते होतं जेवणाच्या पाटासाठी, चौकोनी, चारी बाजूंनी येणारं, शेवटी तोंड शिवून टाकायचं. पण पाटावर साहेब बसले होते. बसल्या माणसाखालचा पाट कसा झाकणार? दुसरा पाट नागेशरावांनी घेतला होता. साहेब सावकाश जेवणारे होते, भाजणीच्या वड्यांनंतर खिरीकडं वळले होते, आणि सिंधुबाईंना भुकेनं डोळ्यांपुढं काजवे दिसत होते.

तेवढ्यात त्यांचं लक्ष खुर्चीकडं गेलं. झिजलेले कोपरे, मूठ तुटून सुतळीनं बांधलेली. गावोगाव वणवण करून दमलेली ती ब्रीफकेस. पाटाएवढीच, आणि राबणं तर तोंडावरच दिसत होतं.

त्या वेळी त्यांच्या मनात आणखी काही होतं का, ते सांगणं अवघड आहे. सिंधुबाई कधी खोटं बोलल्या नाहीत, आणि हे त्यांना कुणी विचारलंही नाही.

देवकाते साहेब हात धुऊन आले तेव्हा सुई शेवटचा टाका घेत होती.

"अहो! हे काय?"

"झालंच," सिंधुबाई म्हणाल्या, दोरा तोडला आणि हात जोडले. मग पहिला घास घ्यायला आत गेल्या.

"माझा अहवाल आहे त्यात! माझा एसटीचा पास आहे!" साहेब टाका उसवायला नखं लावणार, एवढ्यात बनाबाई पुढं झाल्या. आजवर वहिनीचा नेम कुठं मोडतो याकडं डोळा ठेवून बसलेल्या बनाबाई. त्यांनी एकदा ब्रीफकेसकडं पाहिलं, एकदा पांढऱ्याफटक पडलेल्या दादाकडं पाहिलं, आणि पदर खोचला.

"हात लावू नका, साहेब. नेमाचं वस्त्र हाय. कार्तिकातल्या एकादशीपातूर सुटत न्हाय."

"आणि सोडलं तर?"

"नेम मोडतो."

"त्यांचा ना?"

"नेम त्यांचा. पाप सोडनाऱ्याचं."

देवकाते साहेबांचं बोट टाक्यावरच राहिलं होतं. "आमच्या आईचाही चातुर्मास असतो," ते शेवटी म्हणाले. "पासष्ट वर्षांची आहे. हे तिला कळलं तर मला घरात घेणार नाही."

"मग कळायला नगं," बनाबाई समजुतीनं म्हणाल्या.

तीनच्या गाडीनं साहेब गेले. मांडीवर क्रोशाची ब्रीफकेस. कंडक्टरनं पास मागितला तेव्हा त्यांनी काय सांगितलं ते कळलेलं नाही, पण बिरदेव म्हणतो, पुढच्या स्टॉपपर्यंत आख्खी गाडी नमस्कार करत होती.

त्याच संध्याकाळी नागेशराव नेमाची वही घेऊन बसले. एकोणीस दिवसांच्या पळ्यांना तीननं भागलं, लाल शाईनं एकोणीस दुरुस्त्या केल्या आणि प्रत्येकीखाली सही केली. सही करताना दर वेळी त्यांचा चेहरा औषध घेतल्यासारखा होत होता. आणि दुसऱ्या दिवसापासून, सिंधुबाईंना नवरात्राचं काम वाढल्यामुळं, साडेआठला पळी-तांब्या घेऊन कुंपणात ते स्वतः जाऊ लागले. मुक्ताबाई दारात उभ्या राहून सल्ला देत, "भावजी, पळी काठोकाठ भरा हं. सिंधुताई काठोकाठ भरायच्या." हेडक्लार्क काठोकाठ भरत.

नियम असा होता की मोसमाचे आकडे एकतीस ऑक्टोबरला कायम होतात. त्यानंतर त्यांच्यावरचा अहवाल दाखल करून घेत नाहीत. एकादशी आली दहा नोव्हेंबरला.

त्या दिवशी पहिल्या गाडीनं देवकाते साहेब हजर झाले. ब्रीफकेसचं वस्त्र जसंच्या तसं होतं. फक्त धुऊन, इस्त्री केलेलं. "आईनं केली," ते म्हणाले. सिंधुबाईंनी एकशे अठरा वस्त्रं एकेक करून उतरवली. कुकरची शिट्टी सुटली, रेडिओ सुटला, हॉर्न सुटला आणि नागेशरावांनी तो उगाचच चार वेळा वाजवून पाहिला. शेवटी ब्रीफकेस उघडली. साहेबांनी आपला अहवाल वाचला, तारीख पाहिली, रजिस्टरातली लाल शाई पाहिली. मग अहवालाच्या चार घड्या करून तो चष्म्याच्या घरात ठेवला आणि तपासणीवहीत लिहिलं: 'पर्जन्यमापक पाहिला. सुस्थितीत, सवस्त्र. नोंदी पळीनिहाय जुळतात.' जाताना त्यांनी जरा अवघडून विचारलं, ते ब्रीफकेसचं वस्त्र नेलं तर चालेल का. कोपरे झिजतात, एवढंच.

बनाबाई दुपारच्या गाडीनं आल्या. या वेळी हात मोकळे नव्हते. काखेत समई होती, आणि समईला सुतळीचं क्रोशाचं वस्त्र होतं. कुठं सैल, कुठं गाठीच गाठी, दर ओळीत दोन-तीन खांब गळालेले.

"माजा हात हाय," बनाबाई दुसरीकडं बघत म्हणाल्या. "हसायचं न्हाय."

सिंधुबाई हसल्या नाहीत. त्यांनी समई देव्हाऱ्यापुढं ठेवली, वस्त्र खालच्या दांड्यापर्यंत सरकवलं आणि पाच वाती लावल्या. गळालेले खांब त्यांना दिसत होते. दुसऱ्या कुणाचे असते तर त्यांनी उसवून पुन्हा घातले असते.

द्वादशीला सकाळी चहा घेताना मागच्या दारातून कुंपण दिसत होतं. टोपरं निघालेलं. आभाळ निळंभोर, पावसाचं कसलंही चिन्ह नाही. आणि नागेशराव पायात चपला सरकवून, हातात मोजनळी घेऊन निघाले होते. साडेआठला दोन मिनिटं कमी होती.

"दादा, कुठं? पाऊस कुठं हाय?" बनाबाईंनी हाक मारली.

"नाही, ते बघून यायला पाहिजे," नागेशराव न थांबता म्हणाले.

बनाबाईंनी बशीतला चहा संपवला. "वैनीचा नेम फिटला बाई एकदाचा," त्या म्हणाल्या. "आता दादाचा लागला. आन त्याला उद्यापन न्हाय."

रजिस्टरात त्या दिवसाची नोंद 'निरंक' अशी आहे. ती प्रत्यक्ष पाहून केलेली आहे.